आदिलाबादचे राजगोंड : एका संस्कृतिवर्णनाची कथा आणि मराठी भाषा

शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि व्याख्यानमालांच्या आठवणी यांना पहिला मान असणे उचितच आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे मात्र वेगळी मागणी केली. मानवी संस्कृतींचा अभ्यास करणारे जे शास्त्र आहे, त्याचा सभासदांना परिचय होईल असा लेख द्यावा, असे त्यांनी सुचविले. व्याख्या आणि संप्रदाय सांगून शास्त्राचा परिचय होतो खरा, पण तो फार दिवस लक्षात राहत नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेतो. ते आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातले आहे, त्यासंबंधीचे ग्रंथ आपल्या संदर्भ विभागाच्या कपाटात आहेत, आणि त्या ग्रंथांत ठिकठिकाणी मराठी भाषा व मराठी माणसे भेटतात. ही शेवटची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. ती कळल्यावर त्या ग्रंथांकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली.

मानवशास्त्राच्या ज्या शाखेला आपण संस्कृतिवर्णन म्हणू, तिचे काम सांगावयास सोपे आणि करावयास अवघड आहे. एखाद्या जनसमूहात जाऊन राहावे, त्याची भाषा शिकावी, त्याचे शेत, घर, लग्न, मयत, देव आणि भांडणे त्या माणसांच्या नजरेतून समजून घ्यावीत आणि मग ते सारे प्रामाणिकपणे लिहून काढावे. आपल्याकडे याची सुरुवात निराळ्या रीतीने झाली. १९०१ च्या खानेसुमारीच्या सुमारास इंग्रज सरकारने देशभर जातिजमातींची पाहणी हाती घेतली. तिच्यातून मध्यप्रांतापुरते रसेल व हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली निघाले, मुंबई इलाख्याचे एंथोवेन यांचे खंड १९२० ते १९२२ या काळात आले, आणि निजामाच्या मुलखाविषयीचा सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० साली छापला गेला. हे ग्रंथ आजही उपयोगी पडतात. तथापि त्यांतील बरीचशी माहिती प्रश्नावल्या पाठवून आणि कचेऱ्यांमार्फत गोळा केलेली होती. विचारणारा खुर्चीवर बसलेला आणि उत्तर देणारा समोर उभा, अशा स्थितीत जे हाती लागते तेवढेच त्यांत आहे. याच काळात, १९१५ साली, त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. आत्रेही सरकारी अधिकारीच होते, पण गावाचे व्यवहार त्यांनी गावाच्या बोलीतच टिपले. त्यामुळे शास्त्राचे नाव न घेताही त्यांचे पुस्तक शास्त्राच्या अधिक जवळ गेले आहे, असे माझे मत आहे.

हैदराबाद संस्थानात या शास्त्राला खरी चालना मिळाली ती एका अपघाताने. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे. जन्म १९०९ चा. व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर ते लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्या चर्चासत्रात बसले, आणि १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांतील कोन्याक नागांमध्ये राहून आले. १९३९ साली ते पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा भारतात आले असताना युरोपात युद्ध पेटले. ऑस्ट्रिया १९३८ मध्येच जर्मनीत विलीन झाली असल्याने त्यांच्या हाती जर्मन पारपत्र होते. साहजिकच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अटक झाली, परंतु पुढे हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची मुभा मिळाली. हद्द ओलांडावयाची नाही, एवढीच अट. एका अर्थी हे संस्थान म्हणजे त्यांची नजरकैद होती. या नजरकैदेतून पुढील काही वर्षांत तीन मोठे ग्रंथ निर्माण झाले. नल्लमलाच्या अरण्यातील चेंचूंवरचा १९४३ मध्ये, गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींवरचा १९४५ मध्ये आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरचा १९४८ मध्ये. पहिल्या दोहोंविषयी येथे लिहीत नाही. आपला संबंध तिसऱ्याशी आहे.

आदिलाबाद जिल्ह्याचा तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. उत्तरेला पैनगंगा व वर्धा, पूर्वेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आणि मध्ये उटनूर-आसिफाबादचा डोंगराळ, सागवानी मुलूख. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळी याच जिल्ह्यात होते. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता एके काळी या डोंगरांवर होती. उटनूर आणि माणिकगड येथील किल्ले त्या काळाची साक्ष देतात. येथील गोंड शेतकरी होता, नांगर-बैल बाळगणारा होता. हायमेनडॉर्फ यांनी आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच या समाजाला दख्खनची एक शेतकरी संस्कृती म्हटले आहे. गोंड म्हणजे जंगलात फिरणारा रानटी मनुष्य, अशी जी समजूत शहरातील सुशिक्षितांची होती (आणि काही अंशी अजूनही आहे), तिला हे उपशीर्षकच उत्तर होते.

या शेतकऱ्याची जमीन गेली कशी, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सारा प्रश्न तेथेच आहे. डोंगरावरची हलकी जमीन काही वर्षे कसावी आणि मग तिला विश्रांती द्यावी, तोवर शेजारचा दुसरा तुकडा नांगराखाली आणावा, अशी गोंडांची वहिवाट होती. जमीन विपुल होती तोवर कोणता तुकडा कोणाचा हे कागदावर लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुष्कळांची वहिवाट ‘सिवाय जमाबंदी’ या नावाखाली, म्हणजे पट्टा नसताना सारा भरून, चालत असे. मग दोन गोष्टी एकदम घडल्या. वनखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या आणि पडीक टाकलेली शेते जंगलात धरली गेली. काही वस्त्याच उठविण्यात आल्या. दुसरीकडे रस्ते झाले, १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्हारशा लोहमार्ग पुरा झाला आणि बाहेरचा शेतकरी, सावकार व व्यापारी या मुलखात येऊ लागला. त्याला पट्टा म्हणजे काय हे ठाऊक होते. कचेरीत अर्ज कोणाकडे द्यावा, पटवाऱ्याशी कसे बोलावे, हेही ठाऊक होते. गोंडाने विश्रांतीसाठी सोडलेले शेत एके दिवशी दुसऱ्याच्या नावावर चढलेले असे, आणि गोंड आपल्याच शेतावर कूळ म्हणून राहत असे किंवा गाव सोडून आणखी आत डोंगरात जात असे.

हे बाहेरचे लोक कोण होते? पूर्वेकडून तेलुगू भाषक कोमटी व शेतकरी आले. रोहिले सावकार होते, मुसलमान जमीनदार होते. आणि पश्चिमेकडून आले ते वऱ्हाड-मराठवाड्यातील मराठी कुणबी, तसेच ब्राह्मण जमीनमालक. हायमेनडॉर्फ यांनी हे कोणताही आवेश न आणता लिहिले आहे, आणि म्हणूनच ते वाचताना मराठी वाचक थबकतो. आपण एका दूरच्या समाजाचे वर्णन वाचीत आहोत अशा समजुतीत तो असतो. मध्येच त्याला आपल्या नात्यागोत्याची आडनावे ज्या थरात सापडतात तो थर भेटतो, तोही दुसऱ्याच्या नजरेतून. कुणब्यांपैकी पुष्कळजण स्वतः दुष्काळाने व कर्जाने गाव सोडून आलेले गरीब कष्टकरी असणार, हे मी त्यांच्या बाजूने म्हणेन. पण गेलेल्या शेताच्या मालकाला तो युक्तिवाद ऐकविण्याचे धैर्य मला होणार नाही.

१९४० साली हा असंतोष फुटला. कुमराम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली बाबीझरी-जोडेघाटच्या डोंगरात लोक जमले आणि जंगलखात्याचा हुकूम मानण्यास त्यांनी नकार दिला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात भीम आणि त्याचे सोबती मारले गेले. आश्विन पौर्णिमेला जोडेघाट येथे त्याची पुण्यतिथी पाळली जाते. २०२२ साली आलेल्या एका गाजलेल्या तेलुगू चित्रपटामुळे भीमाचे नाव देशभर पोहोचले. त्या चित्रपटातील कथा मात्र कल्पित आहे, हे तरुण सभासदांनी ध्यानात ठेवावे.

या गोळीबारानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले का. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जो मनुष्य हाताशी होता तो हद्दीत अडकून पडलेला हा ऑस्ट्रियन. शास्त्रीय संशोधन आणि राज्यकारभार यांचा असा संबंध संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. ज्या सरकारने गोळ्या चालविल्या त्याच्याच विनंतीवरून पाहणी करावयाची, तर तीत सत्य कितपत उतरणार? अहवालाने या शंकेचे उत्तर दिले आहे. १९४५ मध्ये सरकारच्याच महसूल खात्याने प्रसिद्ध केलेल्या चार अहवालांच्या संग्रहात हायमेनडॉर्फ यांनी दोष जंगलाच्या हद्दी, पट्ट्यांची पद्धत आणि खालच्या नोकरवर्गाचा जुलूम यांवर ठेवला. ‘मारिया गोंड’ या ग्रंथाचे कर्ते विल्फ्रिड ग्रिग्सन हे तेव्हा संस्थानचे महसूलमंत्री होते, हा योगही गोंडांच्या पथ्यावर पडला. अहवाल वाचणारा मनुष्यही त्याच विषयातला जाणकार निघावा, असे कचेरीत क्वचितच घडते.

या कामासाठी पतिपत्नी मारलवाई या लहानशा गोंड गावी जाऊन राहिली. हे गाव आता तेलंगणातील कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी गोंडी शिकून घेतली आणि गावाचे सणवार, लग्ने, पंचायती व मरणे यांत ती सामील झाली. बेटी यांचे शिक्षण मानवशास्त्राचे नव्हते. पण बायकांच्या जगात पुरुष संशोधकाला जेथे प्रवेश नाही तेथे त्या जाऊ शकत होत्या, आणि पुढील आयुष्यात त्यांनी दक्षिण आशियाविषयक मानवशास्त्रीय ग्रंथांची व लेखांची एक प्रचंड सूची तयार केली. १९५८ पासून तिचे खंड निघाले. ग्रंथालयाच्या स्मरणिकेत सूचिकाराचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. ग्रंथकाराचे नाव कोणीही घेतो.

मारलवाईस राहून काय कळले? पहिली गोष्ट म्हणजे गोंड समाजाची अंतर्गत घडण. सारा समाज चार ‘सगां’त विभागलेला आहे. सात भावांचा येरवेन, सहांचा सारवेन, पाचांचा सैवेन आणि चौघांचा नालवेन. एका सगातील कुळांत परस्परांशी लग्न होत नाही. चंद्रपूरकडे सात देवे, सहा देवे अशी जी भाषा ऐकू येते ती याच व्यवस्थेची. ही विभागणी देवांपासून चालत आली अशी श्रद्धा आहे. गुहेत कोंडले गेलेले गोंडांचे पूर्वज, त्यांना मुक्त करणारा पहांदी कुपार लिंगाल आणि त्याने घालून दिलेले कुळाचार, अशी ती दीर्घ कथा. प्रत्येक कुळाचा ‘पेर्सा पेन’ म्हणजे मोठा देव निराळा. त्याच्या उत्सवात ही कथा गायिली गेल्याशिवाय विधी पुरा होत नाही.

आणि येथे या संस्कृतीचा सर्वांत विलक्षण भाग येतो. ही कथा गोंड स्वतः गात नाही. ती गाण्याचा अधिकार प्रधानांचा. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. प्रत्येक प्रधान घराणे विशिष्ट गोंड घराण्यांशी बांधलेले असते. लग्नात, मयतीत, देवाच्या उत्सवात त्याने यावे, घोड्याच्या केसांच्या तारा असलेली किकरी वाजवीत कुळाची कथा सांगावी आणि यजमानाने त्याला धान्य, वस्त्र किंवा जनावर द्यावे, असा हा करार आहे. सामाजिक पायरी मात्र खालची. गोंड त्याच्या हातचे जेवत नाही. आपल्या धर्माची सारी स्मृती ज्याच्या कंठात ठेवली त्याच्या हातचे अन्न न घेणारा समाज, हे कोडे आपल्या मराठी खेड्यालाही अपरिचित नाही.

पण कोडे एवढ्यावर संपत नाही. आदिलाबादच्या या प्रधानांची घरची भाषा मराठी होती. देवापुढे उभा राहिला की प्रधान गोंडी गाई, आणि घरी येऊन बायकोमुलांशी मराठी बोले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिंगोची कथा लिहवून घेतली तीही एका प्रधानाच्याच तोंडून. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून मरण पावल्यावर रिचर्ड टेम्पल यांनी ती १८६६ साली छापली. तीत महादेव-पार्वतीचा जो भरणा दिसतो त्याचे एक कारण सांगणाऱ्याच्या या दुहेरी भाषिक जीवनात असावे, असे वाटते. दोन भाषांत राहणारा मनुष्य दोन्हींतल्या गोष्टी एकमेकींत नेतोच. आपण हैदराबादकर मराठी माणसांनी याचे आश्चर्य करू नये. घरी एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी आणि देवापुढे चौथी भाषा, असा आपलाही जन्म गेला.

आठवडी बाजारातही, जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गोंडाला परक्याशी बोलावयास मराठीच उपयोगी पडे. काही कोलाम वस्त्यांतही ती रुजली होती. ज्याने शेत घेतले त्याचीही मराठी, ज्याने कुळाची कथा राखली त्याचीही मराठी. या भाषेचे तिसरे रूप शाळेत दिसले.

१९४३ साली मारलवाईस गोंडांसाठी शिक्षणयोजना सुरू झाली. मूल प्रथम स्वतःच्या भाषेत वाचावयास शिकले पाहिजे, हा तिचा पाया. पण गोंडीला लिपी नाही असा तेव्हा सर्वांचा समज होता, आणि शिक्षक म्हणून घ्यावे तर लिहितावाचता येणारे गोंड बोटांवर मोजण्याइतके. जे थोडे होते त्यांना अक्षरओळख होती ती मराठीची. म्हणून गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. बालबोध अक्षरांतून गोंडी शब्द छापले गेले आणि पुढील वर्गांत राज्याची भाषा म्हणून उर्दू शिकविली जाऊ लागली. मारलवाईच्या केंद्रात तयार झालेले तरुण गावोगाव मास्तर म्हणून गेले, काही पटवारी झाले, काही जंगलखात्यात लागले. गोंडाचा अर्ज गोंडानेच लिहावा, एवढा बदल झाला तरी तालुक्याच्या कचेरीतील वागणूक बदलते. जमिनीचेही काम झाले. लावणीच्या नियमांत आदिवासींसाठी विशेष सवलत काढून पट्टे देण्यात आले, आणि १९४९ पर्यंत सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन ११ हजारांहून अधिक आदिवासींच्या नावावर चढली. संशोधनग्रंथांच्या इतिहासात असा परिणाम विरळा. केसलापूर येथे पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाचा नागोबा भरतो. गोदावरीचे पाणी पायी आणून देवाला घालण्याची तेथे प्रथा आहे. त्या जत्रेत अधिकाऱ्यांनी जाऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा ‘दरबार’ही याच दशकात सुरू झाला.

या कामात एक मराठी नाव आहे, आणि ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, जन्म १९१०, निजामाच्या मुलकी सेवेतील अधिकारी. शिवकाल आणि मोगल कागदपत्रे यांवरील त्यांच्या ग्रंथांनी मराठी वाचकाला त्यांची ओळख करून दिली, १९९२ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाला, १९९४ साली ते गेले. परंतु आदिलाबादच्या नोकरीत त्यांनी गोंडी आत्मसात केली, गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, हे किती वाचकांना माहीत असेल? या पुस्तकाच्या आपल्या प्रतीवरील देवघेवीची चिठ्ठी मी मुद्दाम उघडून पाहिली. तिच्यावर माझ्या तारखेखेरीज दुसरी तारीख नव्हती. त्याच लेखकाच्या शिवचरित्रावरील पुस्तकाची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवावी लागली आहे. शिवचरित्र वाचू नये असे कोण म्हणेल? तरी पण जो मराठी अधिकारी कचेरीतील खुर्ची सोडून गोंडीचे व्याकरण शिकावयास बसला, त्याचे ते रूप आपण दाराबाहेरच ठेवले, याची मला खंत वाटते. एका बाजूस शेत लिहून घेणारी मराठी होती. दुसऱ्या बाजूस गोंडाची भाषा टिपून घेणारी ही मराठी होती, आणि तिचा वारसा आपण मागितला नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला अध्यापनासाठी गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. ज्या समाजाची कुळे, देव आणि सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर पसरल्या होत्या त्याची मुले एका तीरावर मराठी शाळेत, दुसऱ्या तीरावर तेलुगू शाळेत जाऊ लागली. देवनागरीतील गोंडी पुस्तके बाजूला पडली. भाषावार प्रांतरचनेचा आग्रह आपणही धरला होता, आणि तो रास्तच होता. मात्र तीत गोंडीसाठी प्रांत नव्हता, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले असेल असे दिसत नाही. जमिनीची कथाही उलटी फिरली. १९५९ चा जमीन हस्तांतरबंदीचा नियम तेलंगणाच्या भागास १९६३ मध्ये लागू झाला, १९७० मध्ये अधिक कडक झाला, तरी नवे लोंढे येत राहिले आणि पट्टे हातचे जात राहिले. १९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ परत आले तेव्हा आपण मार्गी लावलेले काम बरेचसे उलगडून गेलेले त्यांना दिसले. १९७९ आणि १९८२ च्या त्यांच्या ग्रंथांत ही निराशा लपलेली नाही. मधल्या काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. जोडेघाटनंतर ४१ वर्षांनी, त्याच डोंगरांत, त्याच कारणासाठी.

हायमेनडॉर्फ यांच्या लेखनात दोषही आहेत. गोंडांविषयीची त्यांची आपुलकी पुष्कळदा पालकाची होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ते एकाच मापाने मोजतात आणि जुन्या गोंड जीवनाला क्वचित अधिक उजळ रंग देतात. गोंडांनी मात्र त्यांचा हिशेब आपल्या रीतीने केला. बेटी १९८७ च्या जानेवारीत हैदराबादेत वारल्या. त्यांना मारलवाईस नेऊन पुरले, आणि गोंडांनी आपल्या माणसाच्या मागे करावयाचे ते त्यांच्या मागे केले. दरवर्षी ११ जानेवारीला तेथे लोक जमतात. १९९५ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला निवर्तले. आता त्या दिवशी नाव दोघांचेही घेतले जाते.

या कथेला एक अलीकडचा दुवा आहे. गोंडीला लिपी नाही हा समज, ज्याच्या आधारे देवनागरीत पुस्तके छापली गेली, तो खरा नव्हता. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी एका स्वतंत्र गोंडी लिपीतील हस्तलिखिते लोकांच्या घरी जपलेली होती. हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांनी ती प्रकाशात आणली. ही परंपरा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते असे सांगितले जाते, आणि तिचा संबंध प्रधानांशी जोडला जातो. म्हणजे ज्यांना सर्वांनी केवळ मुखाने गाणारे भाट मानले, ज्यांची घरची मराठी ऐकून संशोधक चकित झाले, त्यांच्याच पेट्यांत गोंडीची अक्षरे होती. कोणी विचारले नाही, त्यांनी दाखविली नाहीत. जून २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि मुलांसाठी त्या लिपीतून वाचनपुस्तकही तयार झाले आहे.

ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात असावे असे मला वाटते. हा लेख लिहिताना मी ग्रंथपालांना विचारले, की ते मिळाले तर कोणत्या विभागात दाखल कराल? त्यांनी दाखलनोंदवही उघडून भाषेचा रकाना पाहिला. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, संस्कृत, तेलुगू एवढीच नावे आलेली होती. थोडा विचार करून ते म्हणाले, “रकाना रिकामाच असतो हो, भरायला काय हरकत आहे? तुम्ही आधी पुस्तक तर आणा.”